मेश्राम काकांचं रफ

मेश्राम काकांच्या शर्टाच्या खिशात कायम सात पेन्सिली असतात. टोकं वर. आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये कुणाचं बारसं असो, कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन असो, सात पेन्सिली ठरलेल्या. एका रिसेप्शनला ते सूट घालून आले, तर जिथं लोक रुमालाची घडी खोचतात तिथं सात पिवळ्या काड्या. नवरदेवाचा एक अमेरिकन मित्र त्यांना हॉटेलचा सुतार समजला आणि टेबल डुगडुगतंय म्हणून हाताला धरून घेऊन गेला. काकांनी चारी पाय मापले, पेपर नॅपकिनवर काहीतरी मांडलं, त्याच नॅपकिनची घडी करून एका पायाखाली सरकवली आणि जेवायला परत आले. सुतार समजल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "पण त्यानं नॅपकिन पाहिलाच नाही नं," एवढीच त्यांची तक्रार होती.

या पेन्सिली ते दर रविवारी सकाळी घराच्या पायरीवर बसून तासतात. शार्पनरनं नाही, दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं. खाली किराणा दुकानाचं जाहिरातीचं पान पसरलेलं असतं. टोक झालं की त्या पानावरच्या टोमॅटोवर एक सात काढून बघायचा. सात मनासारखा आला की पेन्सिल पास.

दहा ते तेरा वयाचं मूल दिसलं की काका एक पेन्सिल काढतात, मिळेल तो कागद घेतात आणि एक गणित घालतात. मूल बिचारं करतं आणि उत्तर सांगतं. काका म्हणतात, "उत्तर राहू दे. रफ दाखव."

त्यांना उत्तरात रसच नाही. बाजूला केलेली आकडेमोड, खोडाखोड, चुकलेला हातचा, कुठंतरी काढलेलं मांजर, ते सगळं चष्मा कपाळावर चढवून वाचतात. मग पान उलटतात. मागं काही नसलं तरी उलटतात. ज्या मुलानं गणित तोंडी केलं असेल त्याचे तर हालच. "डोक्यात केलं? बरं, मग डोक्यातलं इथं काढ." पहिल्या भेटीत मुलं बेसमेंटमध्ये पळून जातात. दुसऱ्या भेटीत स्वतः कागद घेऊन येतात. याचं कारण मला फार उशिरा कळलं.

मोठ्यांचीही सुटका नाही. डेंटिस्टनं सांगितलं, दाढ काढावी लागेल. काका म्हणाले, उत्तर समजलं, रफ दाखवा. त्यानं एक्स-रे दाखवला. काकांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले. दाढ अजून त्यांच्या तोंडात आहे.

त्यांची मुलगी दूर, दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला असते. ती नातवाचे मार्क फोनवर पाठवते. काका उलट लिहितात, "छान. रफ पाठव." ती एक लाल बदाम पाठवते. नातू सगळं टॅब्लेटवर करतो, त्याच्याकडं रफ नावाची वस्तूच नाही. काकू गेल्याला पाच वर्षं झाली. त्यामुळं तो बदाम दिवसभर काका आम्हालाच दाखवत फिरतात. "हे पाहा, याला काय समजायचं?"

तर अशा या माणसाशी, माझ्या शेजारच्या घरात राहणाऱ्या, मी अडीच महिने बोललो नाही. का, हे सांगायचं तर मला स्वतःची थोडी बेइज्जती करून घ्यावी लागेल. हरकत नाही. बायकोनं ती आधीच केलेली आहे.

मी शिंदे. इस्लामपूरचा. आयटीआय करून मशीनवर लागलो, मेव्हण्याच्या ओळखीनं इथं आलो, दुसऱ्याच्या शॉपमध्ये दगड कापले आणि आज स्वतःचं काउंटरटॉपचं शॉप आहे. लोकांच्या किचनमधले ओटे करतो. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, जे म्हणाल ते. इंग्रजी मी शिकलो ते घासाघीस करताना, त्यामुळं माझ्या इंग्रजीत 'थँक यू'पेक्षा 'नो, नो, नो' जास्त आहे. आवाज मोठा, कारण वीस वर्षं दगड कापायच्या मशीनवरून ओरडून बोललो. डोकं तापट, त्याला मात्र मशीन जबाबदार नाही.

पहिल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. लायब्ररीचं पुस्तक तीन आठवड्यांसाठी देतात, मी चार मागतो. माझी पद्धत सोपी आहे. समोरच्यानं आकडा सांगितला की हसायचं. मग आपला आकडा सांगायचा. तो नाही म्हणाला की उठायचं आणि दाराकडं चालू लागायचं. हळू. माणूस दारापर्यंत जायच्या आत हाक येते. कधी कधी पार्किंगमध्ये येते. पण येते.

माझी मुलगी सई तेव्हा सहावीत होती. इथं सहावीतून सातवीत जाताना मुलांच्या गणिताच्या दोन रांगा होतात. एक साधी. दुसरी अ‍ॅक्सलरेटेड, म्हणजे तीच मुलं, तीच शाळा, पण गणित एक वर्ष पुढचं. एकदा मागच्या रांगेत बसलं की पुढच्या रांगेत उडी मारणं अवघड, असं सगळे आईबाप एकमेकांना सांगत असतात. कुणी पुढं बसायचं हे ठरवायला एक टेस्ट, वर्षाचे मार्क आणि टीचरचं मत, असं सगळं मिळून एक नंबर काढतात. आमच्या शाळेत नव्वद लागत होते. सईला सत्त्याऐंशी मिळाले.

तीन कमी! अहो, तीन म्हणजे काय? तीन मिलिमीटर चुकले तर मी सिलिकॉन भरून देतो, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.

मेश्राम काका त्याच शाळेत टेस्ट मॉनिटर. मोठ्या नोकरीतून रिटायर झाले. पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायचे. मग घरी बसवेना म्हणून हे काम धरलं. टेस्ट कॉम्प्युटरवर असते, पण प्रत्येक मुलाला दोन कोरे कागद मिळतात, आकडेमोडीसाठी. ते कागद वाटायचे, शेवटी मोजून गोळा करायचे आणि मशीनमध्ये घालून त्यांच्या पट्ट्या करायच्या, हे काकांचं काम. सई म्हणायची, "बाबा, मेश्राम आजोबा रीड एव्हरी सिंगल वन. मग श्रेड करतात."

म्हणजे माझ्या मुलीचं काय चुकलं हे माहीत असलेला माणूस माझ्या कुंपणापलीकडं राहतो. मी त्याच संध्याकाळी गेलो.

"काका, फक्त एवढं सांगा, गाडं अडलं कुठं?"

"ते मशीनमध्ये गेलं भाऊ."

"कागद गेला. तुमच्या डोक्यातून कुठं गेलंय?"

"डोक्यातलंही गेलं समजा. नियम आहे."

"बरं, शाळेतल्या मॅडमला एक शब्द टाका. शेजारची पोरगी आहे, हुशार आहे. तुमच्या किचनला मी नवा ओटा बसवून देतो. पांढरा क्वार्ट्झ. तुम्ही रंग सांगा."

काकांनी वळून आपल्या ओट्याकडं पाहिलं. "काहून? याला काय झालं?"

त्या ओट्याला बरंच काही झालं होतं, पण तो मुद्दा नव्हता.

"भाऊ," काका म्हणाले, "तुम्ही पोरीचं रफ पाहिलं का कधी? घरचं, अभ्यासाचं?"

"रफ घेऊन काय करू? नंबर आहे ना माझ्याकडं."

काकांनी खिशातली एक पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि परत ठेवली. मला तो अपमान वाटला. नक्की काय झालं होतं हे सांगता आलं नसतं, पण वाटला.

मग मी शाळेत अपॉइंटमेंट घेतली. गणिताचं ठरवणाऱ्या बाई मिसेस हॉफमन. साठीच्या, गोड, टेबलावर निवडुंगाची कुंडी. मी खुर्ची पुढं ओढली आणि सुरुवात केली. तुमचे नव्वद, आमचे सत्त्याऐंशी. मी म्हणतो पंच्याऐंशी ठेवा. त्या म्हणाल्या, मिस्टर शिंदे, तसं नसतं. मी हसलो. बरं, शहाऐंशी. त्या म्हणाल्या, हा आकडा खालीवर होत नाही. मी म्हणालो, माझं शेवटचं, साडेअठ्ठ्याऐंशी, तुम्ही दीड सोडा, आम्ही दीड भरतो, मिटवून टाकू. बाई निवडुंगाकडं बघत होत्या. मला वाटलं, हलल्या.

आणि मग त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, पण तुम्हाला वाटत असेल तर पालकाच्या सहीनं तुम्ही तिला त्या वर्गात घालू शकता. आमची शिफारस नाही, पण निर्णय तुमचा. इथं सही करा.

मी त्या कागदाकडं बघत राहिलो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. जी गोष्ट मागायला मी तीन दिवस झोपलो नाही ती बाई ड्रॉवरमधून काढून देते? फुकट? हसत? ज्या दगडाला मागून तडा असतो तोच दगड विकणारा असा हसत देतो. मी कागद उलटसुलट केला. अट नाही. बारीक अक्षरातलं काही नाही. त्यामुळं संशय पक्का झाला.

मी कागद परत सरकवला. "आय विल थिंक," म्हणालो आणि उठलो. हळू. दारापर्यंत गेलो. हाक नाही. व्हरांड्यात मुलांची चित्रं लावली होती, प्रत्येक चित्रापुढं थांबलो. हाक नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या चारी टायरची हवा बघितली. पाचवं टायर नसतं म्हणून गाडीत बसलो.

चार दिवसांनी शाळेची ईमेल आली. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते, आठवण करून देतोय. पहिली ओळ वाचली आणि बायकोला म्हणालो, "बघ! नरमली. आता आपण दोन दिवस अजून ताणायचं."

बायको, संगीता, फार्मसीत काम करते. लोक काय गिळतात आणि त्याचं पुढं काय होतं हे तिला चांगलं माहीत आहे. ती म्हणाली, "अहो, ती शाळा आहे. सही करायची तर करा, नाही तर नाही म्हणा. सईला विचारलंत का?"

"सईला काय विचारायचं? सौद्यात मुलं आणायची नाहीत."

गुरुवारी काका दारात दिसले. मी कुंपणावरून सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, त्या फॉर्मवर सही करावी का?" काका म्हणाले, "सहीच्या आधी पोरीचं रफ पाहून घ्या ना भाऊ." मी त्याचा अर्थ घेतला, घाई करू नका. हा शाळेतला माणूस आहे, आतली खबर असणार, अजून ताणा म्हणतोय. मी ताणलं. शुक्रवार गेला. सोमवारी फोन केला, "ओके मॅडम, यू विन, आय विल साइन." त्या खरंच हळहळल्या. म्हणाल्या, फॉर्म शुक्रवारी बंद झाला.

त्या दिवशी मी शॉपमध्ये ग्रॅनाइटची एक बरी स्लॅब मोडली. संध्याकाळी सईला सांगितलं. ती वरणभात खात होती. तिनं चमचा खाली ठेवला. "सो यू हॅड द फॉर्म? अँड यू वॉक्ड आउट?"

"ती टेक्निक असते बेटा."

"बाबा, नोबडी वॉज सेलिंग एनिथिंग." ताट तसंच ठेवून ती वर निघून गेली. तेव्हा मला कळलं की तिला त्या वर्गात जायचं होतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आता एवढी मोठी चूक एकट्यानं उचलणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी ती मेश्राम काकांना दिली. त्यांनीच अडवलं. त्यांनीच सांगितलं, सही करू नका. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला मी कणीस भाजता भाजता हे चौघांना ऐकवलं. काका दोन टेबलं पलीकडं एका मुलीचा कागद वाचत होते. ऐकलं असणार, माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. त्यांनी पान उलटलं.

अडीच महिने. त्यांनी रविवारी पायरीवरून हात केला की मी लॉनमोअर सुरू करायचो. लॉन इतकं बारीक झालं की सोसायटीचं पत्र आलं.

शनिवारी माझं शॉप चालू असतं. जुलैच्या शेवटी एका शनिवारी मशीनचा पाण्याचा पंप बंद पडला आणि मी दहा वाजताच घरी आलो. सई घरात नव्हती. संगीता म्हणाली, "काकांकडं आहे." आणि फोडणीत मोहरी टाकली. मी ओरडेन ते तडतडण्यात जावं म्हणून तिनं तीच वेळ धरली असावी.

मी तसाच गेलो. बूट न काढता. काकांच्या किचनमध्ये टेबलभर कागद. सई बसलेली, काका उभे, एक कागद दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात वाचताहेत.

"वा!" मी म्हणालो. "माझ्या पोरीची सीट घालवली ती घालवली, आता माझ्यामागं ट्यूशन?"

"बाबा, स्टॉप. प्लीज." सईचा चेहरा लाल झाला. "आय अ‍ॅम री-टेस्टिंग. इन ऑगस्ट."

"कसली री-टेस्ट?"

"इट वॉज इन द ईमेल. द सेम ईमेल. सेकंड पॅरेग्राफ. मम्मीनं साइन केलंय."

मी खुर्चीवर बसलो. ज्या ईमेलची पहिली ओळ वाचून मी बाईंना नरमवलं होतं, तिच्याच दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की राहिलेल्या मुलांना शाळा सुरू व्हायच्या आधी परत टेस्ट देता येईल. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मी कुठलाही करार दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचल्याशिवाय सोडलेला नाही. हा सोडला.

"चहा घेता का?" काका म्हणाले. जणू मी रोजच येतो. "शाळेला मी कळवलं आहे. त्या टेस्टला माझी ड्यूटी नाही. मी हिचं अक्षर ओळखतो नं आता. बरं नाही दिसत."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि हातातला कागद माझ्यापुढं धरला. "हे पाहा. तुमची पोर खोडत नाही."

मी कागद घेतला. पहिल्यांदा. बारा वर्षांची मुलगी, आणि तिच्या आकडेमोडीचं पान मी पहिल्यांदा हातात घेत होतो. चुकलेल्या ठिकाणी तिनं गिचमिड केलं नव्हतं. एकच सरळ रेघ मारली होती, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर आकडा.

"बाकी पोरं रबरानं घासून कागद फाडतात," काका म्हणाले. "ही एकच रेघ मारते. मागं कुठून चुकलं ते हिला सापडते. फक्त सगळं मांडत बसते, म्हणून शेवटची गणितं राहतात. थोडं हात चालवायचं शिकली की झालं. पण हे रेघेचं कुठून शिकली ते काही सांगत नाही."

"फ्रॉम बाबा," सई माझ्याकडं न बघता म्हणाली. "शॉपमध्ये. दे डोन्ट इरेज."

दगड कापायच्या आधी आम्ही माप कागदावर घेतो. चुकलं तर खोडत नाही. एक रेघ. पहिलं माप दिसत राहिलं पाहिजे, नाही तर दुसऱ्यांदा तीच चूक होते. मला हे कुणी शिकवलं नाही आणि मी हे कुणाला शिकवलं नाही. ती लहान असताना शनिवारी शॉपच्या कोपऱ्यात रंगखडू घेऊन बसायची, एवढंच.

मी जरा घुश्शातच विचारलं, "पण काका, तुमचं हे रफ रफ काय आहे? लोक उत्तर बघतात. जगभर उत्तरच बघतात."

काका चहा गाळत होते. "आमच्या गावी, भंडाऱ्याकडं, शाळेत मास्तर होते. गणिताला चांगले. पण आमच्या वस्तीतल्या पोरांची वही हातात घेत नसत. जमिनीवर ठेवायची, उघडून, आणि मागं सरकायचं. ते उभ्यानं वाकून उत्तर पाहत. बरोबर, नाही तर चूक." त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "माझं बरोबरच येत असे. तक्रार नाही. फक्त रफ आम्ही मागच्या पानावर करत होतो. कागद महाग. अन् पान उलटायचं तं वहीला हात लावावा लागतो नं."

एवढंच म्हणाले आणि साखरेचा डबा शोधू लागले.

मी माझी शाळा आठवून पाहिली. आमच्याही वर्गात भिंतीशी चार-पाच मुलं वेगळी बसायची. त्यांची नावं आठवेनात. मी खूप प्रयत्न केला, एकाचंही आठवेना. मला वर्गातल्या सगळ्यांच्या गोट्या कुणी जिंकल्या ते आठवतं. गार झालेला चहा मी एका घोटात संपवला. सईनं पुढचं गणित सुरू केलं. मी उठताना काकांना म्हणालो, "पिकनिकला मी जरा जास्त बोललो." काका म्हणाले, "कणीस छान भाजलं होतं."

निकाल आधीच सांगून टाकतो. सईला ब्याण्णव मिळाले. लागत होते नव्वद. न मागता कुणी वर दोन घातले असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि मी मिसेस हॉफमनना फोन करून तसं सांगितलं. त्या हसल्या की नाही ते फोनवर कळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते टेस्टच्या दिवसाचं. सईला सोडायला मी शॉपची व्हॅन घेऊन गेलो. काका बरोबर आले. ड्यूटी नाही, काम नाही, तरी इस्त्रीचा शर्ट आणि खिशात सहा पेन्सिली. सातवी पेन्सिल सई घेऊन आत गेली होती. दोन तास आम्ही पार्किंगमध्ये बसलो. मी दोनदा टायर बघून आलो. काका शाळेच्या दाराकडं बघत होते.

"आज कागद कोण गोळा करतो माहीत नाही," ते एकदाच म्हणाले. "कुणी नवीन माणूस आहे म्हणे. सरळ मशीनमध्ये घालेल तो."

सई बाहेर आली ती पळतच. "आय फिनिश्ड! ऑल ऑफ इट!" आणि माझ्याकडं न येता थेट काकांकडं. "आजोबा, शेवटचं गणित, यू हॅव टू सी हाऊ आय डिड इट. पेपर द्या ना." टेस्टमधलं गणित बाहेर सांगायचं नाही हा नियम काकांना पाठ. ते म्हणाले, "गणित सांगू नको. आपलं त्या दिवशीचं ते टाकीचं होतं नं, ते तसं करून दाखव."

व्हॅनमध्ये कागद म्हणजे मापाचे. मी एक ओढून दिला. सईनं तो बॉनेटवर ठेवला आणि टाकीचं गणित मांडलं, भराभर, एका ठिकाणी चुकली, एक रेघ मारली, पुढं गेली. काकांनी कागद दोन्ही हातांनी उचलला. चष्मा कपाळावर. सावकाश वाचला. मान हलवली. आणि सवयीप्रमाणं पान उलटलं.

मागं माझं माप होतं. एका गिऱ्हाइकाच्या किचनचं, तिरकी भिंत, सिंक कोपऱ्यात, अवघड काम. सगळीकडं आकडे, बाण, एकेक रेघ. काका थांबले. मला वाटलं, परत देतील. ते वाचायला लागले. पार्किंगमधल्या गाड्या निघून गेल्या, सई व्हॅनमध्ये जाऊन बसली, तरी ते वाचतच होते. मी शाळेत दहावीपर्यंत नापास व्हायच्या कडेनं चालत आलेला माणूस. मला उगीच घाम आला.

"इथं तुम्ही आधी भिंत सरळ धरली," त्यांनी बोट ठेवलं.

"हो."

"मग लक्षात आलं."

"हो. दुसऱ्या दिवशी. दोरी लावून बघितली तेव्हा."

"सुंदर आहे," काका म्हणाले. "हा कागद मी ठेवू का? दोन्ही बाजू चांगल्या आहेत."

कागद कामाचा होता. ते माप दुसरीकडं कुठं उतरवलेलं नव्हतं, गिऱ्हाइकाकडं पुन्हा जावं लागणार होतं. "बदल्यात काय देणार?" मी म्हणालो. सवय.

काकांनी खिशातल्या सहा पेन्सिलींवरून बोट फिरवलं. एक काढली, तिचं टोक उजेडात पाहिलं, आणि माझ्यापुढं धरली.

मी घेतली. पहिल्याच भावात.